मजेत आहे

मावसभावाने मार्कशीटचा फोटो पाठवला तो 'व्ह्यू वन्स' करून. एकदाच उघडायचा, बघायचा, बंद केला की गेला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, कॅमेरा बंद, माइक म्यूट. फोटो उघडला. पाच विषय, त्यातले चार नापास. खाली दोन ओळी: "दादा आईला सांगू नको. प्लीज. शप्पथ आहे."

मी 'ओके' टाइप केलं आणि परत कॉलकडे लक्ष दिलं. तिकडे कुणीतरी विचारत होतं की हा बग प्रॉडक्शनला जाईपर्यंत एकाच्याही लक्षात कसा आला नाही.

त्या 'ओके'ला आता बरेच महिने झाले. तरी रात्री लॅपटॉप मिटला की मी अजून तिथेच येऊन थांबतो. दोन अक्षरं टाइप करायला मला एक सेकंदही लागला नव्हता. नोकरीचं ऑफर लेटर मी चार वेळा वाचून मग सही केली होती.

थोडं मागचं सांगतो. मावशीचं गाव लांज्याच्या आत, हायवेपासून बरंच आत. काका एसटीत कंडक्टर. धाकटा (घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो) बारावीनंतर इंजिनीअरिंगला लागला आणि रत्नागिरीत मारुती मंदिरच्या मागे दोन मुलांबरोबर खोली घेऊन राहायला लागला. माझी कंपनी पुण्यात, पण महिन्याचे तीन आठवडे मी रत्नागिरीत घरूनच काम करतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी मावशी मला म्हणाली, "तू आहेस ना तिथे, म्हणून मी निर्धास्त आहे बघ." मी हसलो. निर्धास्त हा शब्द ऐकायला किती हलका वाटतो. त्यातली धास्ती कुठे जात नाही, ती फक्त दुसऱ्या कुणाकडे ठेवायला दिलेली असते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मी धाकट्याला 'ओके' म्हटलं ते सहज नव्हे, सवयीने. कारण माझं स्वतःचं पहिलं वर्ष मी असंच काढलं होतं.

२०१५. मुंबई विद्यापीठाचं एफ.ई. मी रत्नागिरी सोडून मुंबईकडच्या एका कॉलेजात गेलो. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत असलेला मुलगा मी. वर्गात सत्तर मुलं होती आणि ती सत्तरही आपापल्या गावात पहिल्या तिघांतली होती. हे गणित अॅडमिशनच्या वेळी कुणी समजावत नाही. थिअरीचा पेपर ८० मार्कांचा, पास व्हायला ३२. एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणितात, मला १९ पडले. पेपर देऊन आलो तेव्हाच अंदाज आला होता, पण अंदाज असणं आणि ते छापील बघणं यात फार फरक असतो.

घरी मी सांगितलं की रिझल्ट 'विथहेल्ड' आहे. राखून ठेवलाय. विद्यापीठाचे निकाल उशिरा लागणं ही महाराष्ट्रात इतकी रोजची गोष्ट आहे की बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. उलट विद्यापीठालाच चार शब्द ऐकवले. आपल्या खोटेपणाला असा सरकारी आधार मिळाला की तो किती दिवस टिकतो! माझा पाच महिने टिकला.

रोज रात्री साडेआठला आईचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवलो."

"बरा आहेस ना?"

"मजेत."

जेवलो हे निम्म्या वेळा खरं असायचं. मजेत कधीच नसायचं. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुसऱ्याच्या फाइलमधून आपल्या फाइलमध्ये लिहीत असू. ज्याच्या फाइलमधून लिहायचो त्याने तिसऱ्याच्या फाइलमधून लिहिलेलं असायचं, आणि ते मूळ लिहिणारा बहुधा २००९ साली पास होऊन गेला असावा. दुसऱ्या सेमिस्टरला ड्रॉइंगच्या शीट्स. त्यासाठी 'जीटी' नावाची विद्या होती. काचेखाली ट्यूबलाइट लावायची, वर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेषेवर रेष. पहिल्या वर्षात मी सगळ्यात पक्कं काय शिकलो असेन तर हे: आतून काय चाललंय ते कुणी बघत नाही, वरची रेष जुळली की झालं.

त्याच वर्षी कॉलेजने आमच्यासाठी ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यान ठेवलं होतं. हजेरी सक्तीची. सगळ्या शाखांची मुलं एका हॉलमध्ये. व्याख्यात्यांनी प्रत्येकाला एक फुगा दिला आणि सांगितलं की तुमचा सगळा ताण यात फुंका, आणि मी तीन म्हटलं की फोडा. फुगे फुटले, टाळ्या झाल्या. मी आणि माझ्या शेजारचा मात्र मांडीवर फाइल ठेवून केमिस्ट्रीची एक्स्पेरिमेंट्स उतरवत होतो, कारण सबमिशन त्याच दिवशी चार वाजता होतं. आमचे फुगे खिशातच राहिले. गृहस्थ वाईट नव्हते, मनापासून बोलत होते. पण त्या हॉलमध्ये कुणालाही, आम्हालाही, असं सुचलं नाही की चारचं सबमिशन दोन दिवस पुढे ढकललं असतं तर फुग्यांचा खर्च वाचला असता.

*

आता थोडं तांत्रिक. सहन करा, हाच माझा धंदा आहे.

'स्ट्रेस' हा शब्द माणसांकडे आला तो लोखंडाकडून. सिव्हिलचा एक मित्र मला एकदा त्यांच्या लॅबमध्ये घेऊन गेला होता. तिथे एक उंच यंत्र असतं. त्यात पोलादाची सळी दोन्ही टोकांना घट्ट धरतात आणि हळूहळू ताणतात. एका मर्यादेपर्यंत सळी जितका जोर लावाल तितकी लांबते आणि जोर काढला की जागेवर येते. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात सांगितलेलं हेच. त्या मर्यादेपलीकडे गेलं की जोर काढला तरी सळी पूर्वीच्या मापावर येत नाही. तुटलेली नसते, दिसायलाही जवळपास तशीच. फक्त तिच्या आत कायमचं काहीतरी सरकलेलं असतं. अजून ताणलं की मधे बारीक होत जाते आणि मग एक आवाज येतो. मी दचकलो होतो. बाकी कुणी मान वर केली नाही.

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून लावलेला भार, त्याला तोंड देताना पदार्थाच्या आत निर्माण होणारा स्ट्रेस, आणि त्यापायी त्याचा बिघडलेला आकार, म्हणजे स्ट्रेन. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, दमवा, काहीही करा, त्यांचं शरीर ठरावीक तऱ्हेनेच बिघडतं, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्याने या सगळ्याला 'स्ट्रेस' हे नाव दिलं आणि ते जगभर गेलं. त्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती. आपलं इंग्रजी तेव्हा बरं असतं तर आपण 'स्ट्रेन' शब्द निवडला असता, असं त्याने नंतर कबूलही केलं.

मराठीत तर आपण सगळ्यालाच ताण म्हणतो. परीक्षेचा ताण, म्हणजे भार. मला ताण आलाय, म्हणजे आतलं काहीतरी. ताणाने वजन उतरलं, म्हणजे परिणाम. बोलायला याने काही अडत नाही. पण जबाबदारी ठरवायची वेळ आली की ही सरमिसळ महागात पडते. कारण 'ताणाचं व्यवस्थापन कर' असं म्हटलं की आपोआप फक्त आतल्या गोष्टीबद्दल बोलणं सुरू होतं. बाहेरचा भार जणू पावसासारखा आभाळातून पडतो आणि आपल्या हातात छत्री तेवढी असते.

पूल बांधणारा असा विचार करत नाही. पुलाला कुणी प्राणायाम सांगत नाही. पूल कोसळला तर चौकशी बांधणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि त्यावरून क्षमतेबाहेरचे ट्रक सोडणाऱ्याची होते. आणि मुळात डिझाइन करताना सळी किती ओढल्यावर तुटते ते बघून, त्याच्या कितीतरी खालीच वापराची हद्द आखतात. मधे मुद्दाम जागा सोडलेली असते. याला 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' म्हणतात, आणि ही जागा म्हणजे उधळपट्टी असं कुठलाही शहाणा इंजिनीअर म्हणत नाही. ज्यांनी हे आम्हाला शिकवलं त्यांनीच आमचं पहिल्या वर्षाचं वेळापत्रक आखलं होतं, हा विनोद मला फार उशिरा कळला.

आणखी एक. पोलाद एकदाच जोरात ओढून जसं तुटतं तसंच ते मर्यादेच्या आतल्या छोट्या-छोट्या भारांनीही तुटतं, ते पुन्हा पुन्हा पडत राहिले तर. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस धडधाकट दिसत असताना अचानक मोडत. वोलर नावाच्या जर्मन इंजिनीअरने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की नुसता एका फेरीचा भार बघून चालत नाही, फेऱ्या किती झाल्या तेही मोजा. मला सळीच्या आवाजापेक्षा हे जास्त भीतीदायक वाटतं. कारण पहिल्या वर्षाला कुठलीच एक गोष्ट इतकी मोठी नसते की सांगता येईल. मेसचं जेवण, हातातली फाइल, वर्गात भरभर चाललेलं इंग्रजी, रूममेटचा चढा आवाज, 'मजेत'. यातलं काय म्हणून घरी सांगायचं?

सरकारी आकडे आहेत. एनसीआरबीच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. अशा नोंदीत कारणाचा एक रकाना असतो, आणि रकान्यात एकच गोष्ट मावते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका निकालात मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असला पाहिजे अशीही एक आहे. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटलं की निदान कागदावर तरी ओझ्याचा काही भाग सळीकडून पुलाच्या मालकाकडे सरकला.

*

पण हे लिहिताना मला बाबांचा चेहरा दिसतो. ते म्हणतील, तू माणसाला सळी समजतोस का? आणि ते बरोबर असतील. सळी ओझ्याने मजबूत होत नाही. हाड होतं, स्नायू होतो, माणूसही काही वेळा होतो. ओझंच नको म्हटलं तर शिकणंच नको म्हटल्यासारखं होईल.

रत्नागिरीच्या मुलाला ही गोष्ट सांगायला एक हुकमी उदाहरण आहे. टिळक आळीतलं ते कौलारू घर, जिथे २३ जुलै १८५६ ला टिळक जन्मले. शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेलं. तिथून परत येताना आमचे मास्तर सांगायचे की टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृती तोळामासा होती. म्हणून त्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम, पोहणं, व्यायाम यातच घालवलं, परीक्षेत ते वर्ष गेलं, पण शरीर असं कमावलं की ते पुढे तुरुंगातही पुरलं. तात्पर्य: कष्ट करा.

मास्तर तात्पर्य चुकीचं काढत होते असं मला आता वाटतं. ही गोष्ट कष्टाची आहेच, पण त्याआधी ती नापास होण्याची आहे. आपल्या गावच्या सगळ्यात मोठ्या माणसाचं एफ.ई. गेलं होतं, आणि गावाला ते माहीत आहे, आणि गाव ते अभिमानाने सांगतं! आता त्या मुलाचं वय आणि परिस्थिती बघा. आई लहानपणीच गेलेली. १८७१ मध्ये लग्न झालेलं. १८७२ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी मॅट्रिक आणि लगेच कॉलेज. सोळा-सतरा वर्षांचा पोरका, विवाहित मुलगा. व्यायामाच्या हट्टाला आपण दूरदृष्टी म्हणतो. मला कधी कधी वाटतं की त्या वर्षी त्याला पुस्तक उघडवतच नसेल, आणि आखाड्यात घाम गाळणं एवढंच त्याला जमत असेल. हा माझा तर्क. कुठे लिहिलेलं नाही.

पण तर्क बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या मुलाला एक वर्ष घालवता आलं. ते वर्ष कुठे गेलं म्हणून आईवडिलांना उत्तर द्यायचं नव्हतं, कारण आईवडीलच नव्हते. धाकट्याला ते वर्ष कोण देणार? काकांच्या पगारातून खोलीचं भाडं जातं, मेस जाते, फी भरायला सोसायटीचं कर्ज आहे. त्याचं वर्ष त्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही. म्हणून तर तो फोटो 'व्ह्यू वन्स' होता.

आणि म्हणूनच मी माझ्या वेळी खोटं बोललो होतो. लोकांना वाटतं मुलं मार खायला, बोलणी खायला घाबरतात. माझे बाबा ओरडले नसते. खांद्यावर हात ठेवून "होईल रे" म्हणाले असते आणि रात्री एकटेच ओटीवर बसले असते. ओरडणाऱ्या बापाशी भांडता येतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? मी त्यांना वाचवायला खोटं बोलतोय असं तेव्हा मला वाटायचं. खरं तर त्यांच्या डोळ्यातला माझा एक फोटो होता, दहावीचा, पेढे वाटतानाचा. मी तो वाचवत होतो.

*

तर, मार्कशीट आली त्यानंतरचे अकरा दिवस.

दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन. "निकाल लागला का रे त्याचा? तो म्हणतो अजून नाही." मी म्हटलं, "लागतात हळूहळू." वाक्य पूर्ण खरं. निकाल हळूहळूच लागतात. 'नरो वा कुंजरो वा' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अश्वत्थामा गेला, माणूस की हत्ती कोण जाणे. युधिष्ठिराच्या तोंडून शब्द खोटा गेला नव्हता. तरी त्याचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, खाली टेकला. महाभारतकार शब्द तपासत नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात काय जावं म्हणून तो बोलला, ते बघतात.

मी धाकट्याला दोनदा भेटलो. साळवी स्टॉपला वडापाव खाल्ला. तो म्हणाला केटी परीक्षेत सगळं काढतो, मग सांगतो, आता सांगून काय उपयोग. अगदी माझी वाक्यं. मी त्याला माझ्या १९ मार्कांची गोष्ट सांगितली. तो हसला. मला वाटलं मदत झाली. आता वाटतं की मी त्याला फक्त एवढंच सांगितलं की हे असं लपवता येतं आणि नंतर माणूस हिंजवडीत नोकरीला लागतो.

त्याच्या बाजूने एक मोठा मुद्दा होता आणि मी तो खोटा पाडू शकत नव्हतो. तो अठरा पूर्ण आहे. मार्क त्याचे आहेत. कुणाला, कधी, कसं सांगायचं हा त्याचा हक्क. त्याच्या वयात मी हॉस्टेलवर हेच तावातावाने मांडायचो की घरचे म्हणजे काही आपले मॅनेजर नव्हेत. शिवाय मी शब्द दिला होता. मोडलेला शब्द हेही खोटंच, फक्त उशिरा उघडं पडणारं.

कांटने १७९७ मध्ये एक निबंध लिहिला, जो कुणालाच फारसा पटत नाही. दारात खुनी आला आणि तुमच्या घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारू लागला, तरी खोटं बोलू नका, असं तो म्हणतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. पण त्यात एक चमत्कारिक युक्तिवाद आहे. समजा तुम्ही 'मित्र घरात नाही' असं खोटं सांगितलं, आणि मित्र खरोखरच मागच्या दाराने बाहेर पडला होता, आणि परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यात सापडला, तर त्याचा दोष तुमच्यावर. खरं बोलणाऱ्याला परिणाम चिकटत नाहीत. खोटं बोललात की पुढचं जे काही होईल ते तुमच्या खात्यात. मला कांटचा निष्कर्ष आजही पटत नाही, पण हिशेब पटतो. 'लागतात हळूहळू' म्हटल्यापासून धाकट्याचं जे काही होईल त्यात माझा वाटा होता.

अकराव्या रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. तो फोन उचलत नाहीये. मी म्हटलं, "अभ्यास करत असेल, सायलेंटवर असेल." हे मात्र सरळ खोटं होतं, त्यात हत्तीबित्ती काही नाही. मग मी लावला. चौदा वेळा. खोलीवर गेलो तर कुलूप. रूममेट गावाला गेलेला.

मी स्कूटर घेऊन मांडवीला गेलो, जेटीच्या टोकापर्यंत चालत. मग भाट्याच्या पुलावर. पुलावर थांबून खाली काळ्या पाण्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. मग थिबा पॉइंट. मी काय शोधतोय ते स्वतःशी उच्चारत नव्हतो, पण कुठे जातोय ते बघितलं असतं तर कुणालाही कळलं असतं. त्याची आवडती ठिकाणं मला ठाऊक नव्हती. मी माझी भीती जिथे जिथे जाईल तिथे जात होतो. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर मला पाठ आहे, आमच्या ऑफिसच्या पोस्टरवर आहे. तो मी त्या अकरा दिवसांत धाकट्याला एकदाही दिला नव्हता. वडापाव दिला होता.

सव्वाअकराला थिबा पॉइंटवरून मी मावशीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. चार विषय, मार्कशीट, शप्पथ, सगळं. पलीकडे काही क्षण फक्त टीव्हीचा आवाज. मग तो बंद झाला. मग तिने एकच विचारलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"अकरा दिवस."

ती काही बोलली नाही. बाजूला काका काहीतरी विचारत होते, त्यांना तिने "थांबा" म्हटलं.

पावणेबाराला धाकट्याचा मला फोन आला. कुवारबावला मित्राच्या खोलीवर होता. आदल्या रात्रभर मोबाइलवर गेम खेळले होते, संध्याकाळी आडवा झाला तो झोपूनच गेला, फोन दप्तरात. उठला तर माझे चौदा आणि आईचे नऊ मिस्ड कॉल. आणि आईचा एक मेसेज: "निकालाचं कळलं. काही नाही बाळा. फोन कर."

"तू सांगितलंस?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला.

*

इथे मला माझ्या बाजूने निकाल द्यायचा मोह होतो. सांगितलं ते बरंच केलं, जीव महत्त्वाचा, वगैरे. पण प्रामाणिकपणे बघितलं तर त्या रात्री मी शब्द मोडला तो त्याची अवस्था बघून नव्हे. त्याची अवस्था मला माहीतच नव्हती. तो झोपला होता! मी शब्द मोडला कारण मला ते ओझं आणखी एक तासही पेलवलं नसतं. त्याला वाचवायला म्हणून मी जे केलं ते बरंचसं मला वाचवायला होतं, पाच महिन्यांच्या माझ्या त्या 'विथहेल्ड'सारखंच, फक्त उलट्या दिशेने.

माझी चूक कुठली हे मी खूप घोळवलं. सांगणं ही नव्हे, आणि न सांगणंही नव्हे बहुतेक. चूक त्या 'ओके'त होती. मी न मोजता भार घेतला. कुठल्याही बांधकामात एकाच खांबावर सगळं छप्पर टेकवत नाहीत. एक खांब खचला तरी बाकीचे धरतील अशी सोय करतात. धाकट्याने मला सांगितलं तेव्हा त्याला अजून एक-दोन खांब हवे होते, आणि मी त्याला म्हटलं की मी एकटा पुरे आहे. त्याऐवजी मला म्हणता आलं असतं: "मी स्वतःहून सांगणार नाही. पण मला तिने सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. रविवारी दोघं गावाला जाऊ, तू सांग, मी बाजूला बसतो." कदाचित तो नाही म्हणाला असता. कदाचित मार्कशीट पाठवल्याचा त्याला पश्चात्ताप झाला असता, आणि पुढच्या वेळी त्याने मलाही 'मजेत' म्हटलं असतं. तेही नुकसानच. कुठल्या नुकसानाची तयारी ठेवायची हे तरी आधी ठरलं असतं.

मावशी तशी माझ्याशी नेहमीसारखी बोलते. कोकम पाठवते, आमसुलं पाठवते. फक्त धाकट्याबद्दल मला काही विचारत नाही, ते ती आता त्यालाच विचारते. गणपतीला आम्ही गेलो तेव्हा धाकटा वाढायला होता. माझ्या पानात मोदक ठेवला, तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेला. तोवर केटीच्या परीक्षेत चारपैकी दोन निघाले होते. हे मला काकांनी सांगितलं.

मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. फोटो होता, साधा, 'व्ह्यू वन्स' नसलेला. मॅट्रिक्सचं गणित, रँक काढायची होती. खाली फक्त प्रश्नचिन्ह. मी बराच वेळ बघत बसलो. मला रँक काढणं आठवेना. रात्री यूट्यूबवर एका सरांचा व्हिडिओ लावला, वहीत दोनदा सोडवून बघितलं आणि मग त्याला फोन केला.

त्याने उचलला नाही. दहा मिनिटांनी मेसेज आला: "लिहून पाठव."